एकशिपी

चंद्रा, तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला.

गाढी नदीच्या काठी पिंड मांडला, आम्ही चार पावलं मागे सरलो, आणि मी बोलायचं ते मनात जुळवत होतो, तेवढ्यात तो आला. भाताची दोन शितं उचलली आणि गेलासुद्धा. धाकटा म्हणाला, "बघ दादा, वहिनीचं काही राहिलं नव्हतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी घड्याळ पाहिलं, कुणी चपला शोधायला लागलं.

लोकांचा कावळा अडतो. मग घरातलं कुणीतरी पुढे होतं, हात जोडून हळूच सांगतं की पोरीचं लग्न करून देऊ, अर्धं राहिलेलं घर बांधून काढू. मी त्याच तयारीनं गेलो होतो. कावळा अडला की पुढे व्हायचं, ओठातल्या ओठात तुला ते सांगायचं, आणि मोकळं व्हायचं. सव्वीस वर्षांत तुला एकाही गोष्टीत मी चटकन हो म्हटलं नाही आणि तू शेवटी मला अर्धं मिनिटसुद्धा अडवलं नाहीस.

म्हणून हे लिहितोय. सव्वा महिना होऊन गेला. हॉलमध्ये बसलोय, टाकीसमोर, जिथे तुझा पलंग होता तिथे. फरशीवर त्याच्या चाकांचे चार गोल डाग अजून आहेत. जावई समोर आलाय आणि काचेला चोच लावून माझ्याकडे बघतोय. त्याला वाटतंय, मी उठेन.

जावई म्हणजे आपला मासा, हे वाचणाऱ्यासाठी सांगून ठेवतो. तुला सांगायला नको, नाव तूच ठेवलंस.

आठ वर्षांपूर्वी तू कळंबोलीच्या शाळेतून आलीस, पर्स खुर्चीवर टाकलीस आणि म्हणालीस, "हॉलमध्ये समुद्र आणूया." मला वाटलं चेष्टा. करंजाची पोर तू, समुद्र दाराशी असलेली. लग्न करून पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावर आलीस, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची धुणी दिसायची. माझ्या आईनं विचारलं, "मासे शोभेचेच ना?" तू म्हणालीस, "हो, नुसते बघायचे." मग आईची हरकत नव्हती. मी तळोजाच्या कारखान्यात आयुष्यभर पाणीच तपासलेलं. तू कामं वाटून टाकलीस, "पाणी तू बघ, जीव मी बघते." चारचौघांत मला अहो म्हणायचीस, टाकीपाशी अरे.

मला पाण्याचं काम जमलं. खारटपणा किती, आम्ल किती, नायट्रेट किती, वहीत रोज लिहायचो. जिवाचं मला कधीच जमलं नाही.

सहा वर्षांपूर्वी तू तो कॉपरबँड मासा आणलास. मुंबईच्या दुकानदारानं तुला तोंडावर सांगितलं होतं, "मॅडम, नका नेऊ. हा सुंदर दिसतो आणि भुकेनं मरतो." पांढरं अंग, त्यावर तांब्याच्या रंगाचे उभे पट्टे, शेपटीशी एक काळा खोटा डोळा आणि पुढे चिमट्यासारखी लांब चोच. गोळीचं खाद्य टाकलं, तो बघायचासुद्धा नाही. गोठवलेली कोळंबी टाकली, जवळ यायचा, वास घ्यायचा आणि वळायचा. सहाव्या दिवशी तू स्टुलावर उभी राहून चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून त्याची मनधरणी करत होतीस. हात भरून आला तुझा. म्हणालीस, "खा की रे बाबा. जावयासारखा रुसून काय बसलायस?" आणि मान वळवून माझ्याकडे बघून हसलीस.

मी हसलो नाही. मला कळलं होतं.

तुझ्या माहेरी मी जावई म्हणून जायचो तेव्हा माझ्यासाठी वेगळी भांडी होती. एक लहान पातेलं, त्याचं झाकण, एक पळी, एक ताट, एक वाटी. तुझ्या आईनं लग्नाच्या वर्षी नवीन घेतलेली. पांढऱ्या फडक्यात बांधून वाशाला टांगलेली असायची, मासळीच्या भांड्यांचा शेजार नको म्हणून. मी गेलो की गाठोडं खाली यायचं, माझ्यापुरता वरणभात व्हायचा, आणि घरातली बारा माणसं आत कालवण-भात खात असताना मी ओटीवर एकटा जेवायचो. तुझी आई दारात उभी राहायची. "भात देऊ? तूप देऊ?" तिला दुसरं काय द्यावं कळायचं नाही. तिच्या घरी जे चांगलं होतं त्यातलं मी काहीच खात नव्हतो. तू त्या घराची लेक, तू आत खायचीस, मग आंघोळ करून, साडी बदलून माझ्याबरोबर परत निघायचीस. वर्षातून चारदा. त्याबद्दल आपण एकदाही बोललो नाही.

मासा आणल्याच्या अकराव्या दिवशी हिराताई आली. तुझी धाकटी बहीण, पनवेलच्या बाजारात टोपली घेऊन बसते, माल संपला की बुधवारी तुला भेटून उरणची एसटी धरते. तिनं टाकीपाशी कमरेवर हात ठेवून माशाला न्याहाळलं.

"काय गो चंदे, याला उपाशी मारतेस काय?"

"खात नाही गं काही."

"त्याची चोच बघ. देवानं ती शिंपल्यात घालायलाच दिलीय. त्याला तिसऱ्या दे, एकशिपी करून."

पिशवीत उरलेल्या तिसऱ्या, म्हणजे ते लहान शिंपले, होत्याच. तू गॅलरीत विळी घेऊन बसलीस. तुझी जुनी विळी, तुझ्या आईनं लग्नात दिलेली, आमच्या घरात नारळ खोवायलासुद्धा कधी न वापरलेली. शिंपला पात्यावर धरलास, किंचित दाबलास, तो उघडला. मांस सगळं एका शिपीत राहील असं पातं फिरवलंस आणि रिकामी शिपी टाकून दिलीस. याला एकशिपी म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्याकडे तिसऱ्या अशाच शिजवतात, हेही. भरलेली शिपी तू टाकीतल्या दगडाच्या फटीत खोचलीस. तो आला, थबकला, एकदा मागे गेला, पुन्हा आला. मग चोच घातली.

तू स्टुलावरून उतरून रडलीस. हिराताई म्हणाली, "येडी हाय. मासा जेवला म्हनून रडते."

त्या दिवसापासून दर बुधवारी हिराताईची पिशवी यायला लागली. आईनं नियम घातले. तिसऱ्या गॅलरीच्या आत यायच्या नाहीत. खाऱ्या पाण्याची बादली गॅलरीत, विळी गॅलरीत, हात गॅलरीतच धुवायचे, शिपी ताटलीवर झाकून टाकीपर्यंत न्यायची. फ्रिज नाही, ओटा तर नाहीच. तू सगळं मान्य केलंस. चार वर्षांपूर्वी आई गेली. तिचे दिवस झाल्यावर एका रविवारी तू शिप्या उघडता उघडता मला विचारलंस, "आता?"

एवढंच विचारलंस. मी सगळं समजलो आणि म्हणालो, "बघू."

माझं "बघू" तुला पाठ होतं. तू पुन्हा विचारलं नाहीस. आपलं भांडण म्हणावं तर तेवढंच, एका शब्दाचं, आणि तेही अर्धंच राहिलं. मी चार वर्षं मनातल्या मनात ते पुढे चालवलं. आईच्या हयातीत चाललं नाही ते ती गेल्यावर कसं करायचं, ओट्यावर तिनं चाळीस वर्षं स्वयंपाक केला. असं मी मला सांगायचो. तुला नाही. तुला सांगितलं असतं तर तू काहीतरी बोलली असतीस, आणि मला हरावं लागलं असतं.

आता मुख्य ते.

तपासण्या झाल्या, पोटात पाणी झालं, तुझं खाणं सुटलं. हॉस्पिटलातून घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "आता पथ्य काही नाही. त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या." मी त्या "आता"पाशीच उभा राहिलो. आत येऊन तुला म्हणालो, "आठवडाभरानं दाखवायला बोलावलंय."

तुझा पलंग तू टाकीसमोर लावायला सांगितलास. चौथ्या दिवशी तू म्हणालीस, "अरे, तिसऱ्यांचं पाणी देशील का? वाटीभर. नुसती हळद-मीठ घातलेलं. तेवढं जाईल."

मी म्हणालो, "डॉक्टरांनी नको म्हटलंय."

तू म्हणालीस, "खरंच?"

"हो. शिंपल्यातलं काही नको म्हणाल्या."

तू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई तू. मग मान टाकीकडे वळवलीस.

मी मला काय सांगितलं ते ऐक. डॉक्टरांनी सगळं खायला परवानगी दिलीय असं कळलं तर तू ओळखशील की आता काही उरलेलं नाही. तुला धक्का नको म्हणून मी खोटं बोललो. हे कारण इतकं चांगलं होतं की मी त्यावर महिनाभर जगलो. पण ते खरं नाही, चंद्रा. तू वाटीभर पाणी मागितलंस तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तू नव्हतीस. आपल्या गॅसवर चढलेलं पातेलं होतं, त्याची वाफ देवघरापर्यंत जाताना दिसत होती. आणि जिन्यात उभ्या असलेल्या, चार वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या आईचं नाक. एवढंच कारण. मला वास नको होता.

आणि वास होताच की! तू अंथरुणाला खिळल्यावर जावयाचं खाणं माझ्याकडे आलं. दिवसातून तीनदा मी गॅलरीत बसून तिसऱ्या उघडायचो, तू शिकवल्याप्रमाणे. टिचकी मारून मिटते ती जिवंत, न मिटणारी टाकून द्यायची. शिपी ताटलीत झाकून तुझ्या पलंगावरून टाकीपर्यंत न्यायचो. तू पडल्या पडल्या सांगायचीस, "उजवीकडे. अजून खाली. त्या फटीत." तो यायचा, खायचा, आणि तू बघायचीस. जे तू मागितलंस ते तुझ्या डोळ्यांसमोरून नेऊन मी माशाला घालत होतो. तीनदा. रोज. मला तेव्हाही ते दिसलं नाही असं म्हणणार नाही. दिसत होतं. मी मान खाली घालून शिपी खोचायचो.

एकदा तू म्हणालीस, "त्याला पथ्य नाही ना कसलं?"

हसून म्हणालीस. मी म्हणालो, "पाणी बदलायला झालंय," आणि बादली घेऊन आत गेलो.

आणि तो हात. त्यानंतर दोन दिवसांनी असेल. मी शिपी ठेवून तुझ्यापाशी बसलो. तू माझा हात धरलास, वर नेलास, नाकाशी धरलास आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, जवळीक. इतक्या वर्षांनी, मला गहिवरून आलं. तुझी पकड सुटल्यावर मी हात धुवायला गेलो आणि मोरीपाशी कळलं की तू माझा हात धरला नव्हतास.

हिराताई बुधवारी यायची ती दुप्पट तिसऱ्या घेऊन. पहिल्याच बुधवारी दारात म्हणाली, "अर्ध्या माशाला, अर्ध्या चंदूला. पानी काढून द्या भावजी, अंगात येतं. का मी करून डब्यात आनू?"

"नको," मी म्हणालो. "डब्यात वास धरतो. मी इथेच करतो, ताजं."

पुढच्या बुधवारी ती पलंगाच्या पायथ्याशी बसून तुझे पाय चेपत होती. मी पाण्याची वही घेऊन टाकीपाशी उभा. तिनं विचारलं, "चंदे, पितेस ना पानी?"

माझ्या हातातलं पेन थांबलं. तू छताकडे बघत म्हणालीस, "हो गं. वाटीभर पिते. चांगलं करतात हे."

चांगलं करतात हे.

मला झाकलंस तू. मरता मरता. आणि त्यानंतर माझ्याकडे एकदाही असं बघितलं नाहीस की बघ, मी तुला वाचवलं. तेवढं जरी बघितलं असतंस तरी मी उठून पातेलं चढवलं असतं. असं आता म्हणतोय. कदाचित नसतंही चढवलं.

नऊ दिवसांनी तू गेलीस.

सुतकात धाकटा आणि त्याची बायको नाशिकहून येऊन राहिली. घरात तिसऱ्या येणं शक्यच नव्हतं. जावई चार दिवसांत खंगला. पोट आत गेलं, पाठ विळीच्या पात्यासारखी झाली. पाचव्या दिवशी हिराताईनं दाराबाहेर आणून दिलेल्या तिसऱ्यांची बादली मी गच्चीवर नेली, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून शिप्या उघडल्या, रुमालाखाली लपवून खाली आणल्या आणि सगळ्यांदेखत टाकीत हात घातला. धाकट्याची बायको आत निघून गेली. त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. मग तू मागितलेली वाटी आठवली. माशासाठी मी पाच दिवसांत नियम मोडला होता.

तेराव्याला करंजाहून माणसं आली. हिराताई सगळ्यांना सांगत होती, "शेवटपर्यंत माझ्या हातच्या तिसऱ्यांचं पानी प्यायली. उपाशी नाय गेली माझी बहीन. भावजींनी लय केलं." बायका माझ्याकडे बघायच्या, पदर डोळ्यांना लावायच्या. तुझी आई, ऐंशीच्या घरातली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बरा जावई भेटला." मी मान हलवली. अजून काय करणार होतो?

तेव्हापासून मी या घरात कोंडला गेलोय. धाकटा म्हणतो, नाशिकला ये, एकटा काय करतोस. जाता येत नाही. जावई दिवसातून तीनदा खातो आणि माझ्याशिवाय कुणाच्या हातून खात नाही. त्या दुकानदाराला फोन केला, मासा परत घेशील का. तो म्हणाला, "काका, सहा वर्षं जगला? तुम्ही त्याला सवय लावलीत. माझ्याकडे आठ दिवसांत मरेल. ठेवा तुम्हीच." तिसऱ्या बुधवारच्या पिशवीतून येतात, पिशवी हिराताई आणते, आणि आली की दर वेळी ते एक वाक्य बोलायची. चहा घेताना, पदरानं कपाळ पुसताना, कधीही. मी ते यायची वाट बघत बसायचो. आल्यावर "हं" म्हणायचो.

खरं सांगितलं तर तिचं होतं तेवढं समाधान मी काढून घेणार होतो. नाही सांगितलं तर जन्मभर "भावजींनी लय केलं" ऐकत राहणार होतो. तुला पिंडापाशी सांगून हे मिटेल असं वाटलं होतं. पण तुला सांगण्यासारखं काही नव्हतंच गं. तुला ठाऊकच होतं. सांगायचं होतं तिला.

मागच्या आठवड्यातला बुधवार. ती गॅलरीत बसून तिसऱ्या उघडत होती, मी दाराच्या चौकटीला टेकून उभा.

"भावजी, रात्री झोप लागते ती येवढ्यावर बघा," ती म्हणाली. "चंदू उपाशी नाय गेली."

"नाही दिलं तिला," मी म्हणालो.

"काय नाय दिलं?"

"तिसऱ्यांचं पाणी. एकदाही नाही दिलं. तिनं मागितलं होतं. मी डॉक्टर नको म्हणतात म्हणून सांगितलं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते."

विळीवरचा तिचा हात थांबला. खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत पुढे निघून गेला.

"ती तर म्हनाली, वाटीभर पिते."

"माझ्यासाठी म्हणाली."

"माझ्याशी खोटं बोलली? चंदू?" मग तिनं बादलीकडे बघितलं. "मंग येवढ्या तिसऱ्या? दोन-दोन किलो आनायचे मी."

मी हॉलकडे बघितलं. तिनं माझ्या नजरेमागे बघितलं. टाकीत जावई काचेशी आला होता.

"सगळ्या?"

"सगळ्या."

ती उठली. नळाखाली विळी धुतली, पुसली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत घातली. तुझी विळी. चप्पल घालताना तोल गेला म्हणून मी हात पुढे केला. तिनं भिंत धरली. गेली.

विळीशिवाय एकशिपी होत नाही, चंद्रा. मी सुरी वापरली, तळहात कापून घेतला. स्क्रूड्रायव्हर वापरला, शिंपले फुटले, मांसात कपच्या. जावई आला, बघितलं, वळला. या गडबडीत बादलीतलं पाणी बदलायचं राहिलं आणि दोन दिवसांत तिसऱ्या मेल्या. शुक्रवारी मी मासळीबाजारात गेलो. चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा. हिराताई आपल्या जागेवर बसली होती. तिनं मला बघितलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला पापलेटचा भाव सांगायला लागली, दोनदा सांगितला. मी पलीकडच्या म्हातारीकडे गेलो. ती म्हणाली, "काका, तुमी? वाट चुकलात काय? भाजी तिकडं हाय." आजूबाजूच्या बायका हसल्या. हिराताई हसली नाही. मी तिसऱ्या घेतल्या, त्या शिळ्या निघाल्या. टिचकी मारून घ्यायच्या असतात हे मी तिथे विसरलो.

मंगळवारपर्यंत जावयानं काहीच खाल्लं नाही. तळाशी दगडामागे राहायला लागला. मी पाणी तपासत होतो. पाणी उत्तम होतं.

आणि काल बुधवार. दुपारी बेल वाजली. हिराताई. हातात दोन पिशव्या. माझ्याकडे न बघता आत आली, हॉल ओलांडला, आणि गॅलरीकडे न वळता सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेलो. तिनं विळी आईच्या ओट्यावर ठेवली. मग दुसऱ्या पिशवीतून एक गाठोडं काढलं. फडकं पिवळं पडलेलं. गाठ सुटेना, तर तिनं दातांनी सोडली.

लहान पातेलं, झाकण, पळी, ताट, वाटी.

"आईनं सव्वीस वर्सं वाशाला टांगली," ती म्हणाली. "तुमाला वास लागू नये म्हनून. मी सांगितलं तिला सगळं. तिनं काठीनं गाठोडं दाखवलं, म्हनाली, ने."

विळी खाली घेऊन, पाय दुमडून ती फरशीवर बसली आणि तिसऱ्या उघडायला लागली. पहिली शिपी माझ्या हातात दिली. "जा. त्याचा काय गुना."

मी उजवीकडे, खाली, त्या फटीत खोचली. जावई दगडामागून यायला वेळ लागला. आला. चोच घातली. मी तिथेच उभा होतो तेव्हा स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज झाला. मग आलं-मिरची ठेचल्याचा. मग तो वास आला. हॉलमध्ये आला, देवघरापर्यंत गेला, आईच्या तसबिरीवरून गेला. काही झालं नाही. नुसता वास होता. तुझ्या नाकाशी धरलेल्या माझ्या हाताचा.

तिनं माझ्या त्या जावयाच्या पातेल्यातून वाटीत पाणी ओतलं, वाफाळतं, आणि ती वाटी नेऊन चाकांच्या चार डागांच्या मध्ये ठेवली. मग ताट वाढलं. भात आणि त्यावर एकशिपी तिसऱ्या.

"बसा."

"हिराताई, मी खात नाही."

"ठाव हाय. ती पन म्हनत होती, खायाचंय. तिला कोनी इचारलं?"

मी बसलो. हात पुढे जाईना. ती समोर भिंतीला टेकून बसली.

"त्या माशानं कितव्या दिवशी खाल्लं होतं?"

"अकराव्या."

"मंग अकरा दिस बसते मी."

ती चेष्टा करत नव्हती. डोळे कोरडे होते तिचे. मला म्हणावंसं वाटलं, मला माफ कर. तिला ते आधीच कळलं असावं. म्हणाली, "माफी मागू नका. माफ करनारी मी कोन? जेवा."

पहिली शिपी मी तोंडात घातली आणि बाहेर काढली. तिनं ताटातली दुसरी उचलून माझ्यासमोर धरली, स्टुलावर उभी राहून तू धरायचीस तशी, हात न हलवता. ती खाल्ली. गिळायला फार वेळ लागला. चव मला सांगता येणार नाही. खारट होती आणि गोडसर होती, आणि ती गिळताना मला एवढंच कळलं की वाटीभर करायला पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

पाच खाल्ल्या. तिनं शिप्या मोजल्या नाहीत, गोळा करून पिशवीत भरल्या. तुझी वाटी मात्र उचलली नाही. जाताना दारात म्हणाली, "भांडी इथंच राहूंद्या. बुधवारी येते."

वाशाला टांगायला या फ्लॅटमध्ये वासा नाही. भांडी घासून ओट्यावर पालथी घातलीत. जावई पुन्हा काचेशी आलाय. विळी आत आहे, आता उठतो.